प्रश्न क्रमांक सत्तावीस

४ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसात बोललं की गाजतं, घरी बोललं की वाजतं, म्हणून या वहीत लिहायचं ठरवलं आहे. वही स्वतःच्या पैशाची आहे, ऑफिसची नाही.

आज मंगळवार, म्हणजे माझा दिवस. गाडीच्या परवान्याआधी लेखी परीक्षा असते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी प्रश्न वाचून दाखवतो. अकरा वर्षं झाली. जिन्याशेजारची खोली, एक टेबल, समोर पाच खुर्च्या. मी प्रश्न वाचायचा, मग पर्याय पहिला, दुसरा, तिसरा. समोरच्याने कागदावरच्या चौकोनात फुली मारायची. पंधरा प्रश्न, अकरा बरोबर आले की पास. माझ्या खोलीतून नापास होऊन सहसा कुणी बाहेर पडत नाही, हे सगळं ऑफिस मान्य करतं. कारण उघड आहे. आवाज. तरुणपणी रेडिओवर बातम्या वाचण्यासाठी चाचणी दिली होती. दुसरा आलो. जागा एकच होती.

नवीन बाई आज माझ्या खोलीत मागे येऊन बसल्या. महिन्याभरापूर्वी बदली होऊन आल्या आहेत. माझ्याहून एकोणीस वर्षांनी लहान आणि एका पायरीने वर. पहिली पाच माणसं गेल्यावर म्हणाल्या, "बाहेर बेचाळीस जण आहेत. तुम्ही किती घेणार?"

"पंधरा. घसा आहे हा, नळ नाही."

"आणि बाकीचे?"

"पुढचा मंगळवार आहेच की."

"एक गृहस्थ म्हणाले, त्यांचा हा सातवा मंगळवार आहे."

"मग आता त्यांना इथला रस्ता पाठ झाला असेल," मी म्हणालो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. लोकांसमोर आपल्याविषयी टिपून घेणं हे मला तरी शिष्टाचाराला धरून वाटत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंनी साहेबांपुढे योजना मांडली. प्रश्न एकदाच रेकॉर्ड करायचे. कानाला हेडफोन लावून माणसाने कॉम्प्युटरसमोर बसायचं, ऐकायचं आणि एक, दोन, तीन यातलं एक बटण दाबायचं. मंगळवार नाही, रोज. शिवाय दर शनिवारी कारखान्यापलीकडच्या वस्तीतल्या शाळेत सहा कॉम्प्युटर नेऊन तिथेच परीक्षा. इथपर्यंत यायचं म्हणजे लोकांचा दिवसाचा रोज बुडतो, असं त्यांचं म्हणणं.

साहेब खूश. अकरा वर्षांत साहेबांनी माझ्या खोलीत दोनदा डोकावलंय, त्यातलं एकदा दार चुकून.

मला सांगण्यात आलं की आवाज माझाच असेल. मग योजना तशी वाईट नाही. उद्या रेकॉर्डिंग. बायको म्हणाली, "आवाज द्यायला शर्ट कशाला इस्त्री करताय?" या घरात कलेची कदर नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहायलाही लाज वाटते. माझा आवाज नाकारला.

बाईंनी केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. तेव्हाच ओळखलं, काहीतरी शिजलंय. म्हणाल्या, "तुमचा आवाज खरंच सुंदर आहे. पण उत्तर आवाजातच कळतं."

"म्हणजे?"

त्यांनी वॉचमनला आत घेतलं. या माणसाने आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही. त्याच्या कानाला हेडफोन लावले आणि सांगितलं, प्रश्नाकडे लक्ष देऊ नका, फक्त कुठला पर्याय बरा वाटतो ते बोटांनी दाखवा. दहापैकी नऊ बरोबर.

"बरोबर पर्याय आला की तुमचा आवाज खाली उतरतो, आणि आधी जरासं थांबताही तुम्ही," बाई म्हणाल्या.

"यालाच शब्दफेक म्हणतात."

"हो. पण ही माणसं उद्या रस्त्यावर एकटी असणार. तिथे कोण थांबून दाखवणार?"

आता आवाज बाईंचाच. चाळीस प्रश्न त्यांनी दुपारी जेवणाच्या सुट्टीत उरकले. ऐकला मी. इस्त्रीच्या चादरीसारखा सपाट. असा आवाज रेडिओवर गेला असता तर लोकांनी रेडिओ दुरुस्तीला टाकला असता.

१६ फेब्रुवारी, रविवार

दादा आणि वहिनी खालच्या मजल्यावर राहतात. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. त्याचा टेम्पो आहे. चार हॉटेलांच्या चादरी, टॉवेल धुलाईला न्यायचे आणि परत पोचवायचे, हा त्याचा धंदा. जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांची नस सुकत चाललीय, गाडीला हात लावायचा नाही. पगारी ड्रायव्हर ठेवला, तो दोन दिवस येतो आणि चार दिवस त्याचा मामा आजारी असतो. हॉटेलवाल्यांनी मार्चअखेरची मुदत दिली आहे. कायमचा ड्रायव्हर दाखवा, नाहीतर काम दुसऱ्याला.

वहिनीला गाडी येते. दादानेच मैदानात शिकवली. "माझ्यापेक्षा हलक्या हाताने चालवते," असं तोच सांगतो. आज मी पुन्हा म्हणालो, "वहिनी, परवाना काढून टाका ना. मी बसलोय तिथे. लेखी परीक्षा म्हणजे काही डोंगर नाही."

"बघू, भावोजी," म्हणाल्या आणि कपडे वाळत घालायला निघून गेल्या. वर्षभर त्यांचं हे "बघू" चाललंय. मनच नाही त्यांना. हॉटेलची चिठ्ठी आली होती, ती बायकोपुढे केली, "वाच गं, माझा चष्मा खाली राहिला." चष्मा कायम खाली. इतका निष्काळजीपणा असेल तर कुठला परवाना आणि कुठलं काय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बाईंनी रेकॉर्डिंग तपासायला माझ्याकडे दिलं. "या ऑफिसात हे प्रश्न तुमच्याइतके कुणालाच पाठ नाहीत. तुम्ही सही केली की शनिवारी सुरू करू." आधी ताट काढून घ्यायचं आणि मग पाट पुसायला सांगायचं.

दार लावून ऐकत बसलो. प्रश्न सत्तावीस. 'पट्ट्यांवर माणूस रस्ता ओलांडताना दिसला तर काय कराल?' कागदावर पहिला पर्याय हॉर्न वाजवणे, दुसरा थांबून वाट देणे, तिसरा वेग वाढवून निघून जाणे. बाईंनी दुसरा आणि तिसरा उलटे वाचलेत. म्हणजे ऐकणारा थांबेन म्हणून तीनचं बटण दाबणार आणि कॉम्प्युटर ते चूक धरणार. हेडफोनवाल्यांना पडद्यावर नुसता आकडा दिसतो, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. खरं सांगायचं तर कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

'सर्व चाळीस प्रश्न तपासले, बरोबर आहेत' असं लिहून सही केली. प्रत्येकाच्या वाट्याला चाळीसातले पंधराच येतात. एखाद्याचा एक गुण गेल्याने आभाळ कोसळत नाही. कुणीतरी तक्रार करेल, बाईंना कळेल, साहेबांना कळेल. एवढंच.

२ मार्च, रविवार

काल वस्तीतल्या शाळेत पहिली परीक्षा झाली. मला बोलावलं नव्हतं, तरी तिकडून सहज गेलो. रांग फाटकाबाहेर. गवंडी, रंगारी, भाजीच्या हातगाड्या लावणारे, आणि बायका. बायका इतक्या असतील असं वाटलं नव्हतं. माझ्या खोलीत अकरा वर्षांत बायका आल्या असतील हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाई एकेकीच्या कानाला हेडफोन लावून देत होत्या, आवाज कमी-जास्त कसा करायचा ते दाखवत होत्या. कुणीतरी त्यांचा फोटो काढत होतं.

मी समोरच्या दुकानाच्या पायरीवर पाऊण तास उभा होतो. माझ्या पोटात दुखत होतं. लोक म्हणतात ना, तसं, खरोखरीचं.

४ मार्च, मंगळवार

माझ्या खोलीत आज दोन जण. एकाला ऐकू कमी येतं म्हणून हेडफोन जमेना. मी ओरडून ओरडून पंधरा प्रश्न वाचले. शेजारच्या विभागातून निरोप आला, जरा हळू.

जेवताना बायकोला सांगितलं, लोकांना हल्ली माणूस नको, यंत्र हवं. ती म्हणाली, "यंत्राला तोंड नसतं ना. बाहेर जाऊन सांगत नाही, अमकीला वाचता येत नाही म्हणून."

"मी कधी कुणाचं सांगितलंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि ताटं उचलली. आता मंगळवारच्या एखाद्या गमतीदार माणसाची गोष्ट जेवताना सांगितली असेल, नाही असं नाही. पण ती घरातल्या घरात.

१५ मार्च, शनिवार

सकाळी बायको आणि वहिनी दोघी ठेवणीतल्या साड्या नेसून निघाल्या. कुठे, विचारलं तर "बाजारात". दुपारी परत आल्या त्या रिकाम्या हाताने. वहिनी न बोलता आत गेल्या, डोळे लाल. बायको माझ्याशीही बोलत नाही. दोघींचं एकमेकींशी वाजलेलं दिसतंय. मी मध्ये पडत नाही. साड्यांच्या दुकानात भांडण झालं की पुरुषाने लांब राहावं.

दादाने टेम्पो विकायचा म्हणून एकाला फोन केला. मुदतीला पंधरा दिवस उरलेत.

१७ मार्च, सोमवार

शनिवारचे निकाल फाइलला लावायचं काम माझ्याकडे. नापासांच्या यादीत अकरावं नाव वहिनींचं. पत्ता आमचाच. गुण दहा. पुढच्या रकान्यात, परीक्षेचा प्रकार: ऐकून.

आधी संताप आला, तोही कशाचा, तर वहिनी त्या बाईंकडे गेल्या. सख्खा दीर इथे बसलेला असताना. हे पहिलं मनात आलं, ते खोटं कशाला लिहू. मग नजर पुन्हा त्या रकान्यावर गेली. ऐकून.

तो खाली राहिलेला चष्मा. हॉटेलच्या चिठ्ठ्या. बाहेर जेवायला गेलो की "तुम्ही मागवाल तेच मला." सव्वीस वर्षं एका छपराखाली राहतोय आम्ही.

मग उत्तरपत्रिका काढली. त्यांच्या पंधरात सत्तावीस नंबर होता. उत्तर: तीन. चूक.

संध्याकाळी बायकोला विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मागच्या वर्षी तीन मंगळवार आल्या होत्या त्या. मी बरोबर होते. तुमचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येतो. तिथूनच परत फिरल्या."

"पण का? माझ्याकडे कुणी नापास होत नाही."

"नापास व्हायची भीती नव्हती हो त्यांना."

निवडलेली भाजी घेऊन ती आत गेली.

१८ मार्च, मंगळवार

आज जे केलं ते अर्धंच केलं.

साहेबांकडे गेलो. म्हणालो, सत्तावीसच्या रेकॉर्डिंगमध्ये चूक सापडली आहे, जुने निकाल पुन्हा तपासावे लागतील. साहेब उठून उभे राहिले. "शाबास. अनुभव म्हणतात तो हाच." खांद्यावर हात ठेवला. बाईंना बोलावलं. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कधी लक्षात आलं तुमच्या?" त्यांनी विचारलं.

"आजच," मी म्हणालो.

संध्याकाळपर्यंत हिशेब लागला. तीन शनिवार आणि मधले दिवस धरून एकट्या या प्रश्नामुळे नऊ माणसं नापास झाली होती. त्यात एक पाण्याच्या टँकरवरचा, त्याची लागणारी नोकरी गेली. बाईंना लेखी खुलासा द्यायला सांगितलाय. त्या आपल्या टेबलाशी बसून तो लिहीत होत्या, खोडत होत्या, पुन्हा लिहीत होत्या. महिनाभर मी याचीच वाट पाहत होतो. चोरून दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहवलं नाही.

खांद्यावरचा तो हात मात्र घरी येईपर्यंत बरा वाटत होता. हेही लिहून ठेवतो.

१९ मार्च, बुधवार

ऑफिस उघडायच्या आधी जाऊन बाईंच्या केबिनबाहेर उभा राहिलो. आल्या, कुलूप काढलं. मी दारातूनच सांगितलं, "मला चोवीस फेब्रुवारीलाच कळलं होतं. कळूनच सही केली."

त्या बसल्या. पर्स मांडीवरच होती.

"माझ्यावर राग होता?"

"राग नाही. तुम्हाला जमत होतं, ते बघवत नव्हतं."

"मी ते तुम्हाला उगाच तपासायला दिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "सपाट वाचायच्या नादात माझ्याकडून काहीतरी निसटलं असेल, अशी भीती वाटत होती. म्हटलं, तुमच्या कानातून सुटणार नाही."

"सुटलं नव्हतंच."

"नाही ना." मग हळू आवाजात, "नऊ माणसं होती."

मी त्यांना सांगितलं, त्यातल्या एक माझ्या वहिनी. सहानुभूतीसाठी सांगितलं की शिक्षा म्हणून, मला अजून कळत नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे घरची नसती, तर?"

मी त्यांच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला.

साहेबांकडे सगळं लिहून दिलं. बाईंचा खुलासा परत घ्यायला लावला. मला नोटीस मिळाली, यंदाची पगारवाढ थांबली, आणि मंगळवारची खोली बंद. आता मी खाली अर्ज घ्यायच्या खिडकीवर. टँकरवाल्याला बाईंनी स्वतः फोन केला. त्याच्या मालकाशीही बोलल्या. जागा भरली होती.

२० मार्च, गुरुवार

वहिनींना आज सांगितलं. दादा समोर होता, बायको दारात. पास झाल्याचं आधी सांगितलं, मग बाकीचं. पास शब्दावर वहिनींचा चेहरा उजळला होता. बाकीचं ऐकता ऐकता तो मिटत गेला.

दादा म्हणाला, "तू? आपल्या घरातलं ताट तूच लाथाडलंस?"

"मला माहीत नव्हतं, वहिनी तिथे..."

"तुम्हाला माहीत नव्हतं, ते मी लपवलं म्हणून," वहिनी म्हणाल्या. "पण बाकीच्या आठ जणांचं तर तुम्हाला ठाऊकच होतं, भावोजी. आमच्यासारखी माणसं येणार, हे ठाऊक होतं." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मी विचारलं, माझ्याकडे का नाही आलात.

"तुमच्यासमोर मला अडाणी व्हायचं नव्हतं. तुम्ही नीट वागला असतात, ते कळत होतं मला. चांगलं वागून, समजावून, हळूहळू वाचलं असतं. तेच नको होतं." मग जरा थांबून, "त्या यंत्रात कुणी माझी कीव करत नव्हतं."

हे वाक्य दिवसभर माझ्याबरोबर फिरतंय.

२७ मार्च, गुरुवार

रस्त्यावरची परीक्षा. वहिनींना आज सकाळी साडेनऊची वेळ मिळाली होती. मी रजा काढून घरीच थांबलो. तपासणारा माझ्या ओळखीचा आहे. मी नुसता फाटकाशी दिसलो असतो तरी कुणी काहीतरी म्हणालं असतं, आणि त्यांचं यश त्यांचं राहिलं नसतं. बाराला बायकोचा फोन आला. पास. चढावर गाडी तसूभर मागे गेली नाही म्हणे. हॉटेलवाल्यांना दादाने लगेच कळवलं. काम राहिलं, चारपैकी तीन हॉटेलांचं. एकाने आधीच दुसरा माणूस धरला होता. ते एक हॉटेल माझ्या नावावर.

बायकोने सांगितलं, परीक्षा झाल्यावर वहिनी बाईंच्या गळ्यात पडून रडल्या. ऐकून परत पोटात ती कळ आली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी बदललो वगैरे लिहिणार होतो, ते आता लिहीत नाही.

८ एप्रिल, मंगळवार

खिडकीवर आज एक म्हातारी आली. नातवाच्या नाही, स्वतःच्या परवान्यासाठी. तिची बॅटरीवरची तीनचाकी आहे, दूध पोचवते. अर्ज माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "हे तुम्हीच भरा." मागे रांग होती. नेहमीच्या आवाजात विचारलं असतं, "लिहिता येत नाही का?" तर शेवटच्या माणसाला ऐकू गेलं असतं. खिडकीबाहेर मान काढून हळूच विचारलं, "नाव काय लिहू?" अर्ज भरला. परीक्षा आत्ताच देता येईल, डावीकडच्या खोलीत, असंही सांगितलं. तिला खरंच वाटेना. आज मंगळवार आहे म्हणून का, असं विचारत होती.

बाई जिन्यावरून उतरत होत्या. मान हलवून गेल्या. बोलत नाहीत माझ्याशी, कामापुरतं सोडून. ठीक आहे.

२० एप्रिल, रविवार

महिनाभर वहिनी माझ्याशी मोजकंच बोलत होत्या. आज सकाळी दादाने खालून हाक मारली, लग्नाचं बुकिंग आहे, चादरींचे गठ्ठे जड आहेत, हाताखाली चल. गेलो. गठ्ठे चढवले. पुढे तिघे बसलो. वहिनी चाकाशी, दादा मध्ये, मी खिडकीपाशी.

खरंच हलका हात आहे. ब्रेक लागला की कळत नाही. दादा सवयीने पाय दाबत होता, वहिनी म्हणाल्या, "तिथे ब्रेक नाहीये हो." तो हसला. मीही हसलो, मग वाटलं आपण हसावं की नाही.

मोठ्या चौकाच्या अलीकडे रस्ता खणला होता. खुणेची पाटी नव्हती, फळ्यावर हाताने खडूने काहीतरी लिहिलेलं. वहिनींनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. दादा डोळे बारीक करून बघायला लागला. त्याला दिसत नाही, त्यांना वाचता येत नाही. मी समोर बघत गप्प बसलो. न विचारता वाचायचं नाही, एवढं तरी ठरवलेलं होतं. मागून हॉर्न वाजायला लागले.

वहिनी माझ्याकडे वळल्या. सरळ माझ्या डोळ्यांत बघून, आवाज न चोरता म्हणाल्या, "भावोजी, काय लिहिलंय तिथे?"

"पुढे काम चालू. रस्ता बंद. गाड्यांनी डावीकडून जावे," मी वाचलं. जेवढं लिहिलं होतं तेवढंच.

त्यांनी आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, आणि मागच्या दोन गाड्या जाऊ देऊन टेम्पो डावीकडे घेतला.